धार-देवासचे वाडे आणि आपल्या शाळा

(युवा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलले तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)



आयोजकांनी मला सांगितलं, तू धार आणि देवासला जाऊन जुन्या इमारतींचे फोटो काढलेस, त्यावर वीस मिनिटं बोल. मी म्हटलं, सीमाभागाच्या मेळाव्यात मध्य प्रदेशातल्या पडक्या वाड्यांचं काय काम? नंतर विचार केला आणि वाटलं, काम आहे. म्हणून उभी राहिले.

एका तारखेपासून सुरुवात करते. १ नोव्हेंबर १९५६. ही तारीख इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बेळगाव, कारवार, बिदर त्या दिवशी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. आपण तो काळा दिवस म्हणून पाळतो. पण त्याच दिवशी, त्याच राज्य पुनर्रचना कायद्याने आणखी एक राज्य नकाशावरून गेलं. मध्य भारत त्याचं नाव. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास ही मराठी सरदारांची संस्थानं १९४८ मध्ये त्यात विलीन झाली होती. १९५६ ला ते राज्य मध्य प्रदेशात गेलं. तिथे १ नोव्हेंबर हा राज्याचा स्थापना दिवस असतो. तिथल्या मराठी माणसांनी त्या दिवसाविरुद्ध लढा उभा केला नाही, आणि तसं कारणही नव्हतं. आजूबाजूची सगळी वस्ती माळवी आणि हिंदी बोलणारी. मराठी घरं मोजकी, तीही दरबाराच्या आसपासची.

म्हणजे एकाच कायद्याने दोन ठिकाणची मराठी माणसं परराज्यात राहिली. एका ठिकाणी लढा झाला, दुसऱ्या ठिकाणी झाला नाही. मला बघायचं होतं की जिथे लढा झाला नाही तिथे काय उरलं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. म्हणून कॅमेरा घेऊन गेले.

आधी थोडा इतिहास सांगते. नोव्हेंबर १७२८ मध्ये आजच्या धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांच्या सुभेदाराचा पराभव केला आणि माळव्याचं दार उघडलं. होळकर इंदूरला, शिंदे उज्जैन-ग्वाल्हेरला, पवार धार आणि देवासला. धारचे यशवंतराव पवार १७६१ ला पानिपतावर पडले. त्यांच्यामागून देशावरची माणसं गेली. कारकून, पुजारी, वैद्य, शिलेदार, आचारी. त्यांनी तिकडे आपल्यासारखेच वाडे बांधले. दिंडी दरवाजा, आत चौक, ओसरी, माजघर, देवघर, भिंतीत कोनाडे. दरबारचे कागद मराठीत, तेही मोडीत.

देवासची गोष्ट तर आपल्यासारख्यांनी मुद्दाम ऐकावी. तुकोजी आणि जिवाजी हे दोन पवार भाऊ. दोघांना मिळून देवास मिळालं आणि दोघांनी ते वाटून घेतलं. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कारभार, दोन न्यायालयं. काही ठिकाणी हद्द रस्त्याच्या मधून जायची. म्हणजे रस्त्याच्या डाव्या बाजूला चोरी झाली तर एका राज्यात, उजव्या बाजूला झाली तर दुसऱ्या. हसू येतं ऐकून. पण आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, अशी माणसं या सभागृहात बसलेली आहेत की नाही?

ती देवासची हद्द १९४८ ला पुसली गेली. आज तिथल्या पोरांना विचारलं, थोरली पाती कुठे संपते, तर बहुतेकांना सांगता येत नाही. जी हद्द लोकांना डोंगरासारखी पक्की वाटत होती, ती एका पिढीत विसरली गेली. हे लक्षात ठेवा. हद्दी माणसं आखतात आणि माणसंच मोडतात.

देवासचं आपल्या बाजूशी नातंही जवळचं आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मुलगी अक्कासाहेब देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव तिसरे यांना दिलेली. त्यांचा मुलगा विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि छत्रपती शहाजी महाराज झाला. याच तुकोजीरावांकडे १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होता. त्याने देवासवर पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढलं. त्यात नव्या राजवाड्याचं वर्णन आहे. बांधकाम अजून चालू आणि आधी बांधलेला भाग पडायला लागलेला. तेव्हा पडझड हा आजचा विषय नाही, शंभर वर्षं जुना आहे.

आता मी काय बघितलं ते सांगते.

देवासला चामुंडा टेकडीवर चढलं की गाव खाली पसरलेलं दिसतं. मीठा तलावाच्या काठी पवारांच्या छत्र्या आहेत, म्हणजे समाध्या. धारला मुंज तलावाजवळ तशाच छत्र्या. धारच्या किल्ल्यात खरबुजा महाल आहे. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव तिथे १० जानेवारी १७७५ ला जन्मला. राघोबादादा पळापळीत होते आणि आनंदीबाई धारच्या पवारांच्या आश्रयाला होत्या. मराठ्यांच्या राज्याचा शेवट ज्याच्या हातून झाला, तो पुण्यात नाही, माळव्यात जन्मला. हाच किल्ला १८५७ च्या उठावात लढला, इंग्रजांनी वेढा घालून घेतला, आणि धार संस्थानच खालसा केलं. ते १८६० मध्ये परत दिलं.

हे किल्ले, या छत्र्या निदान पुस्तकात आहेत. मी जास्त फोटो काढले ते साध्या वाड्यांचे, ज्यांचं नाव कुठेच नाही.

वाडा कसा मरतो, माहीत आहे? एका दिवसात पडत नाही. आधी कौलं सरकतात. तिथून पाणी भिंतीच्या माथ्यावर येतं. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं, बाहेरून काही दिसत नाही. कुणीतरी ओल झाकायला सिमेंटचा गिलावा मारतं. आतली भिंत मातीची आणि चुन्याची, तिला श्वास लागतो. सिमेंटने ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. मग पिंपळाचं रोप उगवतं. पिंपळ तोडायला कुणी धजत नाही. शेवटी एका पावसाळ्यात मागची बाजू बसते.

पण खरं कारण पाऊस नाही. खरं कारण सातबाऱ्यासारखंच आहे. वाड्याला वारस अकरा. दोघे इंदूरला, तिघे पुण्यात, एक अमेरिकेत, बाकीच्यांचा पत्ता नाही. दुरुस्तीला सगळ्यांची सही लागते, पाडायला पावसाची एकट्याची पुरते. सागवानी खांब आणि दरवाजे तेवढे विकले जातात आणि शहरातल्या हॉटेलात शोभेला लागतात.

एका घरात आजी भेटल्या. त्यांचं नाव आणि गल्ली सांगत नाही, कारण घराचा वाद चालू आहे. मराठी ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं की आधी चहा, मग पोहे, मग फोटो. त्यांची मराठी आपल्या कानाला वेगळी लागते. 'काय करून राहिली आहेस?' असं विचारतात. वाक्य हिंदीचं, शब्द मराठीचे. त्यांनी एक ट्रंक उघडून मोडीतले कागद दाखवले. घरात ते वाचणारं कुणी नाही. मी पण मोडी वाचू शकत नाही, म्हणून नुसते फोटो काढले. तेवढ्यात नात कॉलेजातून आली. आजी मराठीत बोलत होत्या आणि ती हिंदीत उत्तर देत होती. भांडण नाही, राग नाही, दोघींना सगळं कळत होतं. मी विचारलं, तू मराठी बोलत नाहीस? ती म्हणाली, 'समझ लेती हूँ दीदी, बोलने की कभी ज़रूरत नहीं पड़ी.'

मित्रांनो, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. तिच्यावर कुणी सक्ती केली नाही. तिच्या गावात मराठी फलकाला कुणी काळं फासलं नाही. लाठीमार नाही, गुन्हे नाहीत. दरबार गेला, त्याबरोबर मराठीतली नोकरी गेली. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजार हिंदी. घरात गणपती बसतो, पुरणपोळी होते, आडनाव मराठी आहे. वाडा अजून उभा आहे. पण त्या घरातली भाषा आजीबरोबर जाणार.

आपण नेहमी म्हणतो, आपल्यावर अन्याय झाला म्हणून मराठी संकटात आहे. ते खरंच आहे. पण देवासला मला दिसलं ते याच्या पुढचं आहे. अन्याय नसला तरी भाषा जाते. तिची गरज संपली की जाते. उद्या सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा आपल्या बाजूने लागला आणि तोपर्यंत आपल्या गल्लीतली पोरं 'समझ लेती हूँ' म्हणायला लागली असतील, तर निकालाचा कागद कुणाला वाचून दाखवायचा?

आता धारबद्दल एक गोष्ट. तिथे गळ्यात कॅमेरा दिसला की लोक पहिलं विचारतात, भोजशालेला आलात का? त्या जागेचा हिंदू-मुस्लिम वाद जुना आहे. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुरातत्त्व खात्याने तिथे सर्वेक्षण केलं. त्या वादात मी पडत नाही. मी फक्त एवढं बघितलं की जिथे वाद आहे तिथला प्रत्येक दगड मोजला जातो, त्याचा फोटो निघतो, त्याला क्रमांक पडतो. तिथून थोड्या अंतरावरचा वाडा पडतो आणि त्याची बातमीही होत नाही. त्याच धारमध्ये शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके राहिले. वसईचे हे गृहस्थ. मुंबईत गिरगाव चौपाटीवरचा टिळकांचा पुतळा त्यांचा. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौपाटीवर टिळकांसोबत सेल्फी काढणाऱ्या किती जणांना धार आठवतं?

आणि देवासचा एक माणूस तर आपल्याच मातीतला. पंडित कुमार गंधर्व. १९२४ मध्ये आपल्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीला जन्मले. घरची भाषा कन्नड. गाणं शिकले मुंबईत, देवधर मास्तरांकडे. क्षयाने आजारी पडले, डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून १९४८ मध्ये देवासला आले. काही वर्षं गाता येत नव्हतं. त्या काळात ते पडल्या पडल्या माळवी बायकांची लोकगीतं आणि नाथपंथी साधूंची भजनं ऐकत राहिले. बरे झाल्यावर जे गायले त्यात माळवा होता, कबीर होता आणि मराठी नाट्यगीतंही होती. १९९२ मध्ये देवासलाच गेले. कन्नड घरातला मुलगा, मराठी माणसांनी डोक्यावर घेतला, माळव्याने आपला मानला. आपला लढा कन्नड भाषेशी नाही, सक्तीशी आहे, असं आपण व्यासपीठावरून म्हणतो ना? सुळेभावीचा हा माणूस त्याचा पुरावा आहे. आणि बघा, त्यांनी माळवी गाणी ऐकून सोडून दिली नाहीत. ती नोंदवली, स्वरात लिहिली, मैफलीत आणली. नोंद करणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं.

आता मुद्द्यावर येते. वाड्यांच्या फोटोंनी काय सिद्ध होतं?

देवासच्या वाड्यांनी देवास महाराष्ट्राचं ठरत नाही. तसा दावा कुणी करत नाही आणि करूही नये. आपल्या बाजूने आपण पाटसकर सूत्र मांडतो. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. यात जुनी इमारत कुठेच नाही. राजा कोण होता, किल्ला कुणी बांधला, यावर आपला दावा उभा नाही. तो आज तिथे राहणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या माणसांवर उभा आहे. काही पोरं फेसबुकवर किल्ल्याचा फोटो टाकून लिहितात, 'हा बघा पुरावा'. माफ करा, पण हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे तुमच्या गावची मराठी शाळा आणि तिच्यात बसलेली पोरं.

याला कायद्याचा आधार आहे. ज्या वर्षी पुनर्रचना झाली त्याच १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ घातला गेला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी राज्याने पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा, असं तो सांगतो. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने आकडा ठरवला होता. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असली की त्या भाषेतून शिकवायची सोय हवी. हा ४० आणि १० चा आकडा पाठ करा. वर्गात दहावं मूल आहे तोवर आपण हक्काने मागू शकतो. नऊ झाली की विनंती करावी लागते. आणि ते दहावं मूल न्यायालयात ठरत नाही. ते आपल्या घरात ठरतं, जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळी.

म्हणून माझी विनंती अशी. धार-देवासला जे उशिरा सुरू झालं ते आपण वेळेवर करूया. कॅमेरा सगळ्यांच्या खिशात आहे. फोटो काढा, पण किल्ल्याच्या आधी शाळेचा काढा. शाळेच्या दारावरचं नाव, कोनशिला, देणगीदारांचा फलक, वाचनालयाचं कपाट, भजनी मंडळाची पाटी, तालमीच्या भिंतीवरचं लिखाण, दुकानांच्या पाट्या. २०२४ मध्ये कर्नाटकाने फलकांवर साठ टक्के कन्नडची अट कायद्यात आणली. पाट्या बदलतील. बदलण्याआधी त्या कशा होत्या याची नोंद हवी. येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक आठवतो ना? २०१४ मध्ये पाडला. तो फलक आज नाही, त्याचे फोटो आहेत. ज्या फलकांचे फोटो नाहीत, ते कुणाला आठवतात?

फोटो कसा काढायचा, एवढं सांगून थांबते. हे मी तिकडे फिरून शिकले.

पहिलं, नुसता फोटो मुका असतो. त्याच्याबरोबर लिहा: गाव, जागा, तारीख, काय लिहिलंय, ते कोणत्या भाषेत आणि लिपीत आहे, माहिती कुणी दिली. वीस वर्षांनी फोटो बघणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही.

दुसरं, विचारून काढा. कुणाच्या घरात शिरायचं तर परवानगी घ्या. घराचा वाद असेल तर पत्ता टाकू नका. शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना विचारा आणि मुलांची नावं, चेहरे उघड करू नका.

तिसरं, एकदा दुरून, एकदा जवळून. दुरून काढला की आजूबाजूचा रस्ता, दुकानं दिसतात आणि जागा ओळखता येते. जवळून काढला की अक्षर वाचता येतं.

चौथं, माणसांचा आवाज घ्या. आजोबांना विचारा, शाळा कुणी बांधली, वर्गणी कशी काढली, १९५६ ला गावात काय झालं. ते बोलतात तसंच ठेवा, 'हाय', 'न्हाई' सुधारू नका. ती आपली बोली आहे.

पाचवं, दोन प्रती. एक मोबाईलवर, एक दुसरीकडे. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो बारीक होतो, अक्षरं फुटतात. मूळ फाईल जपा.

आणि मोडीतले कागद कुणाच्या घरी असतील तर ते देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत पुरू नका. फोटो काढा. मी परत आल्यावर मोडी शिकायला सुरुवात केली आहे. अक्षरं लागायला लागली आहेत. त्या आजींच्या कागदातलं पहिलं पान आता वाचता येतं. जमिनीचा हिशोब आहे, दुसरं काही नाही. पण नातीला फोन करून वाचून दाखवला, मराठीत. ती ऐकत होती.

येत्या १ नोव्हेंबरला फेरीत आपण असणारच. त्याआधी प्रत्येकाने आपल्या गावच्या मराठी शाळेत जावं, पाचच फोटो काढावेत, आणि मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारावा: यंदा पहिलीत किती मुलं आली? तो आकडा फोटोखाली लिहा.

जय महाराष्ट्र.